घरची दुरुस्ती : दोष कानाचा की रिसीव्हरचा?



या वेळच्या टपालात बदलापूरच्या एका भगिनीचे पत्र आहे. पत्र मोठे आहे, मी थोडक्यात सांगतो. त्यांच्या घरी सासूबाई आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना लहानथोर सगळे दादीच म्हणतात. दादींचा धाकटा मुलगा कुवेतला असतो आणि दर शुक्रवारी घरच्या लँडलाइनवर फोन करतो. दादींना मोबाइल जमत नाही. गाल लागतो आणि फोन कट होतो. त्यांचा फोन म्हणजे सासऱ्यांच्या वेळचा काळा, बोटाने चकती फिरवायचा. गेले वर्षभर दादी फोनवर ‘जरा जोराने बोल बेटा’ एवढेच म्हणतात, आणि दोन मिनिटांत रिसीव्हर सुनेच्या हातात देतात. घरच्यांनी त्यांना एका दुकानात नेले. तिथे दोन्ही कानांना यंत्र लावायला सांगितले आणि आकडा असा सांगितला की घरात आठवडाभर त्यावरच बोलणे चालू होते. तेवढ्यात नातीने सहज म्हटले, ‘पण त्या फोनवर मलाही नीट ऐकू येत नाही.’

भगिनी विचारतात, आता आम्ही काय धरून चालावे, कान की फोन?

नातीचे ते वाक्य घरातल्या कोणी आधी ऐकले असते तर दुकानाची फेरी निदान लांबणीवर पडली असती. म्हातारे माणूस म्हणाले ‘ऐकू येत नाही’, की आपण ते वयाच्या खात्यावर टाकतो. तेच तरुण माणूस म्हणाले तर म्हणतो, फोन बिघडला. एकच तक्रार, पण दोघांना आपण दोन वेगळी उत्तरे देतो.

म्हणून पेचकस हातात घेण्याआधी बसल्या जागी करायची तपासणी सांगतो. रिसीव्हर उचला. डायल टोन येईल. तो एकसारखा, एकाच जोराचा आवाज असतो, म्हणून तुलनेला तो उत्तम. घरातल्या तीन-चार जणांनी पाळीपाळीने ऐकावे, त्यात एक लहान मूल असावे. मग त्याच लाइनला दुसरा कुठलाही चालू फोन लावा, शेजाऱ्यांचा आणला तरी चालेल, आणि पुन्हा सगळ्यांनी ऐकावे. दुसऱ्या फोनवर सगळ्यांना मोठा आवाज आला तर दोष जुन्या यंत्रात. दुसऱ्याही फोनवर सगळ्यांना बारीकच आला तर दोष लाइनमध्ये, मग यंत्र उघडू नका, कंपनीकडे तक्रार नोंदवा. आणि दुसऱ्या फोनवर सगळ्यांना छान ऐकू आले पण दादींना नाही, तर विषय कानाचा. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, खर्च शून्य.

एक गोष्ट मात्र आधी बघा. आतल्या खोलीत त्याच लाइनवर दुसरा फोन जोडलेला असेल आणि त्याचा रिसीव्हर नीट ठेवलेला नसेल, किंवा सून तिकडून ऐकत असेल, तर लाइनचा प्रवाह दोन यंत्रांत वाटला जातो आणि दोघांनाही आवाज बारीक येतो. ‘दोघी मिळून बोलू या’ म्हणून दोन्ही रिसीव्हर उचलायची पद्धत अनेक घरांत आहे. प्रेमाची पद्धत आहे, पण दादींच्या वाट्याचा आवाज त्यात कमी होतो.

बदलापूरच्या घरी ही तपासणी करून त्यांनी मला कळवले. जुन्या यंत्रावर सगळ्यांनाच आवाज बारीक, दुसऱ्यावर मोठा. म्हणजे यंत्राला दोष आहेच. आता यंत्राकडे वळू.

आपल्याकडे कानाला लावायच्या सबंध दांडीलाच ‘रिसीव्हर’ म्हणतात. ‘रिसीव्हर उचल’, ‘रिसीव्हर ठेव’. दुरुस्ती करणाऱ्याच्या भाषेत मात्र रिसीव्हर म्हणजे फक्त कानाकडची डबी. तोंडाकडे असते ती वेगळी, तिचे काम वेगळे, तिचे आजारही वेगळे. दुकानात नुसते ‘रिसीव्हर खराब आहे’ सांगितले तर तुम्हाला अख्खी दांडी विकली जाईल. समोरच्याचे आपल्याला ऐकू येत नसेल तर कानाकडची डबी, आपले समोरच्याला ऐकू जात नसेल तर तोंडाकडची, आणि दोन्ही बाजूंनी खरखर असेल तर बहुधा वायर किंवा हुक. एवढे सांगता आले तरी अर्धे काम झाले.

कानाकडच्या डबीत काय असते ते बघण्यासारखे आहे, कारण त्यात जवळजवळ काहीच नसते. एक लोहचुंबक, त्याच्या टोकांवर केसापेक्षा बारीक तारेच्या दोन गुंडाळ्या, आणि समोर पातळ लोखंडी चकती. चुंबक चकतीला सतत ओढून धरतो. तारेतून बोलण्याचा प्रवाह आला की ओढ कधी वाढते कधी कमी होते, चकती थरथरते, आणि तीच थरथर आपल्या कानाला मुलाचा आवाज म्हणून ऐकू येते. चकती चुंबकाला चिकटत नाही, मध्ये मिलिमीटरचा छोटासा अंश एवढी फट असते. सगळी करामत त्या फटीची. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ च्या मार्चमध्ये मिळाले. त्यानंतर डायल आली, एक्स्चेंजे बदलली, पण कानाकडच्या या डबीची कल्पना शंभर वर्षे तीच राहिली.

बेल यांच्याविषयी एक गोष्ट या पत्राच्या निमित्ताने सांगावीशी वाटते. त्यांची आई कानाने अधू होती. पत्नी मेबेल लहानपणी तापातून उठल्या त्या पूर्ण बहिऱ्या होऊन. बेल स्वतः बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. ज्या माणसाने जगाच्या कानाशी दूरचा आवाज आणला, त्याच्या स्वतःच्या घरात तो आवाज पत्नीला ऐकू येत नव्हता.

आपल्याकडची बहुतेक काळी यंत्रे बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची. हा सरकारी कारखाना १९४८ साली निघाला. यंत्र उलटे केले तर बुडाशी आय.टी.आय. ही अक्षरे सापडतील. (अंबरनाथच्या आय.टी.आय.शी याचा काही संबंध नाही. पण तिथून शिकलेला कोणी मुलगा घरात किंवा गल्लीत असेल तर त्याला हा लेख वाचायला द्या, त्याच्या हाताला हे काम सोपे जाईल.) त्या काळात आपल्या पट्ट्यात फोन मिळणे हीच मोठी गोष्ट होती. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबायचे, घाई असेल तर ‘ओ.वाय.टी.’मध्ये जास्त पैसे भरायचे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर आणि पुढे ‘पी.पी.’ छापलेले असायचे. १९८६ साली मुंबईसाठी महानगर टेलिफोन निगम झाले, पण कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर त्याच्या बाहेरच राहिले. आपण आधी सरकारच्या दूरसंचार खात्याकडे आणि २००० च्या ऑक्टोबरपासून भारत संचार निगमकडे. म्हणून आपला कोड ०२५१, मुंबईचा ०२२. लोकलने तासाभराचे अंतर, पण फोनला गाव वेगळे. आखातातून येणाऱ्या फोनची वाट बघत चाळीतली दहा माणसे एका काळ्या यंत्राभोवती बसलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना दादी तो फोन का सोडत नाहीत हे सांगावे लागणार नाही.

आता उघडू या. आधी यंत्राची वायर भिंतीतून काढा. हे टाळू नका. फोन ठेवलेला असताना लाइनवर सुमारे अठ्ठेचाळीस व्होल्ट असतात, त्याने सहसा काही होत नाही, पण घंटी वाजते तेव्हा पंचाहत्तर-ऐंशी व्होल्टपर्यंत एसी येतो आणि तो चांगला झटका देतो. तुम्ही डबी उघडून बसलात आणि नेमका कोणाचा फोन आला, असे व्हायला नको. पावसाळ्यात विजा चमकत असताना तर हात लावूच नका.

कानाकडचे झाकण हाताने डावीकडे फिरवले की निघते. वर्षानुवर्षे न उघडलेले झाकण घट्ट बसलेले असते. त्यावर पक्कड लावू नका. जुनी यंत्रे बेकेलाइटची आहेत, ते काचेसारखे तडकते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा भांडी घासायचे रबरी हातमोजे वापरून पकडा, निघेल. निघाले की लगेच मोबाइलने फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठल्या स्क्रूला होती ते. नंतर हाच फोटो उपयोगी पडतो.

पहिली नजर स्क्रूंवर. तिथे हिरवट किंवा काळा थर आहे का, स्क्रू ढिले आहेत का. आपली हवा दमट आहे, पावसाळा चार महिन्यांचा आहे, आणि वालधुनीच्या वासाची सवय झालेल्या वस्तीत राहात असाल तर चांदी-तांबे किती लवकर काळे पडते हे तुम्हाला मी सांगायला नको. स्क्रू एकदा सोडून, टोके साध्या कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसवा. एवढ्यावर बरे होणारे फोन मी बरेच पाहिले आहेत. खोबरेल तेल, शिलाई मशीनचे तेल यांतले काही लावू नका, तेलावर धूळ बसते. आणि झाकणाच्या भोकांना अत्तराचे बोट लावायची सवय काही घरांत असते, तीही सोडा. दोन वर्षांनी तिथे चिकट काळा लेप होतो आणि आवाज निम्मा बाहेर येतो. भोके बुजलेली असतील तर झाकण वेगळे काढून कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना दातांचा ब्रश. उकळते पाणी नको, बेकेलाइटची झिलई जाते. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

डबी जिवंत आहे की मेली हे कळायला मीटर लागत नाही. दोन्ही वायरी सोडवून डबी हातात घ्या, कानापासून चार बोटे दूर धरा, आणि भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल दोन तारांनी तिच्या दोन टोकांना क्षणभर लावा-काढा. ‘टक्’ असा ठसठशीत आवाज आला तर गुंडाळ्या शाबूत आहेत. काहीच आले नाही तर तार तुटली आहे. घरात ट्रान्झिस्टर रेडिओ असेल तर त्याच्या इअरफोनच्या पिनला डबी जोडून बातम्या लावा, आवाज स्वच्छ आहे की चिरका ते लगेच समजेल. मीटर असेल तर ओहमवर ठेवा. चांगली डबी साधारण काही दहा ते दोनेकशे ओहम दाखवते आणि टोके लावताना तिच्यातून खर्र असा आवाज येतो. मीटरने काहीच दाखवले नाही तर गुंडाळी तुटलेली, शून्य दाखवले तर कुठेतरी तार तारेला चिकटलेली. तुटलेली तार बहुतेक वेळा जिथे टोकाला डाग दिलेला असतो तिथेच तुटते. ती जोडायला स्थिर हात आणि बारीक सोल्डरिंगची कांब लागते. स्वतः करू नका, घड्याळजीला किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला द्या.

बदलापूरच्या डबीने ‘टक्’ केले, पण दबके, जणू उशीखालून. हा तिसरा प्रकार, आणि घरात सगळ्यात जास्त आढळणारा. गुंडाळी ठीक, पण चकती किंवा चुंबक थकलेला. झाकणाखालची चकती काढायची पद्धत आहे: पेचकसाने उचकटायची नाही, बोटाने कडेला सरकवून काढायची. उचकटली तर तिला पोक येतो, आणि पोक आलेली चकती चुंबकाला टेकते, मग प्रत्येक ‘श’ आणि ‘स’ला भुणभुण ऐकू येते. चकतीच्या मागे आणि चुंबकाच्या टोकांवर बघा. गंजाची तांबडी भुकटी असेल, क्वचित लोखंडाचा कीस. फट इतकी बारीक असते की तांदळाच्या कणीएवढा गंजही चकतीला हलू देत नाही. तोंडाने फुंकू नका, फुंकीत ओलावा असतो. साध्या चिकटपट्टीचा तुकडा बोटाला गुंडाळून चुंबकाच्या टोकांवर टेकवत राहा, भुकटी पट्टीला येते. चकतीचा गंज सुक्या कापडाने. घासायच्या कागदाने घासली तर ती पातळ होते आणि आवाज बदलतो. चकती मधोमध आत बसलेली दिसली तर उलटी करून बसवून बघा, जुने मेकॅनिक हेच करायचे.

चुंबक थकला का हे बघायला चकती जवळ नेऊन पाहा. चांगला चुंबक ती झटकन ओढतो आणि डबी उलटी धरली तरी सोडत नाही. ढिल्या हाताने धरल्यासारखी घसरत असेल तर चुंबक उतरला. रिसीव्हर वारंवार जमिनीवर पडला की हे होते. त्यावर घरगुती उपाय नाही, डबीच बदलावी लागते. मागाहून आलेल्या यंत्रांत तर डबी सगळीकडून बंदच असते, चकती दिसतही नाही. ती उघडायचा हट्ट नको, सरळ बदलायची.

आणखी एक छोटा पुर्जा आहे, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. काही यंत्रांत डबीच्या दोन टोकांना आडवा जोडलेला दोन पायांचा बारीक मणी असतो. त्याला व्हॅरिस्टर म्हणतात. लाइनवर अचानक मोठा टक्का आला तर कानाला इजा होऊ नये म्हणून तो मध्ये पडतो आणि जास्तीचा प्रवाह स्वतःतून नेतो. म्हातारपणी हा राखणदार कधी कधी रस्ताच अडवून बसतो: सगळा आवाज त्याच्यातूनच निघून जातो, डबीला काही उरत नाही. त्याचा एक पाय सोडवून ऐका. आवाज उसळला तर चोर सापडला. पण मग तो काढून तसेच चालवू नका, तसाच नवा लावा. दादींच्या कानावर एखादा कडकडाट यायला नको.

वायरीचे सांगायचे राहिले. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली ती दोरी साध्या तारेची नसते. आत सुताच्या धाग्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते, म्हणून ती हजारदा ताणली तरी सहसा मोडत नाही. पण मोडते तेव्हा दांडीत शिरते तिथेच. बोलता बोलता तिथे बोटाने हलवा, आवाज येत-जात असेल तर दोष तिथे. डाग द्यायला गेलात तर आतला धागा जळतो, म्हणून पूर्ण दोरीच बदला. तिच्या रंगांचा फोटो आधी काढायला विसरू नका. हुकच्या पट्ट्या, म्हणजे रिसीव्हर ठेवला की दबणारे संपर्क, कोऱ्या जाड कागदाच्या पट्टीने पुसायचे: पट्टी मध्ये घालायची, संपर्क हलके दाबायचे, पट्टी ओढायची. पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा निघून जातो.

तोंडाकडच्या डबीत कोळशाचे कण असतात. आपण बोललो की ते दबतात-सुटतात आणि त्याप्रमाणे प्रवाह बदलतो. दमट हवेत हे कण गोळा होऊन बसतात, मग समोरचा ‘आवाज येत नाही’ म्हणतो. पूर्वी लोक रिसीव्हर टेबलावर दोनदा आपटायचे आणि आवाज यायचा, ते याच कारणाने. पण त्याच आपटण्याने कानाकडचा चुंबक उतरतो. तळहातावर हलके टकटक करा, तेवढे पुरे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनीचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथली पाण्याखाली गेलेली यंत्रे वाळवून वरून छान दिसतात. पण तोंडाकडच्या डबीत गाळ गेलेला असला तर तिच्यावर मेहनत करू नका.

डबी मिळणार कुठे? नवी कोणी बनवत नाही. उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडे मोडकी यंत्रे अधूनमधून येतात, तिथे आधी विचारा. एका मोडक्या यंत्रातून दोन्ही डब्या, दोरी आणि झाकणे असे चार पुर्जे मिळतात. नाहीतर मुंबईचा चोर बाजार, मटन स्ट्रीट. मध्य रेल्वेने सँडहर्स्ट रोडला उतरायचे. तिथे फास्ट गाडी थांबत नाही, भायखळ्याला उतरून स्लो पकडावी. तिथे चकचकीत केलेल्या यंत्रांच्या किमती शोभेच्या वस्तूसारख्या सांगतात. तुम्हाला शोभेचे नको, म्हणून फुटक्या यंत्रांच्या ढिगाकडे चला. जुनी डबी सोबत न्या, आणि दीड व्होल्टचा सेलही. दुकानातच ‘टक्’ ऐकून घ्या, दुकानदार हसला तर हसू द्या. व्हॅरिस्टरसारखे सुटे पुर्जे ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडला मिळतात. माझे मत विचाराल तर अख्ख्या दुरुस्तीचा खर्च साध्या नव्या बटणांच्या फोनपेक्षा फार वर जाऊ लागला तर थांबावे. ज्या घरात त्या यंत्राशी आठवण बांधलेली आहे त्यांनी आपले गणित आपण करावे.

बदलापूरला गंजाची भुकटी निघाली, चकती उलटी केली, आणि डायल टोन खोलीच्या दारातून ऐकू येईल इतका वाढला. पुढच्या शुक्रवारी दादी मुलाशी अकरा मिनिटे बोलल्या, नातीने घड्याळ लावले होते. पण भगिनींनी पुढे लिहिले आहे ते जास्त महत्त्वाचे. दादींना आवाज आता भरपूर येतो, तरी काही शब्द निसटतात. ‘सात’ की ‘हात’, ‘शनिवार’ की ‘रविवार’, असा गोंधळ होतो.

म्हणजे थोडा दोष कानाचाही आहे, आणि तो रिसीव्हरच्या दोषापेक्षा वेगळा ओळखता येतो. रिसीव्हर थकला की सगळेच बारीक येते, अक्षर आणि आवाज दोन्ही. वयाने कान थकतो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही अक्षरे पुसट होतात. म्हणून माणूस म्हणते, ‘आवाज येतो पण समजत नाही.’ त्यात टेलिफोनची लाइन मुळातच साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेते, वरचे आवाज वाटेतच गळतात. समोर बसलेल्या माणसाचे ओठ दिसतात, फोनवर तेही नाही. त्यामुळे घरात ठीक ऐकणारी आजी फोनवर अडते. अशा वेळी ओरडून उपयोग नाही, ओरडण्याने स्वर मोठे होतात, ‘स’ नाही. सावकाश, शब्द तोडून बोलायला मुलाला सांगा, आणि आकडे दोनदा सांगू दे.

दादींना डॉक्टरांकडे नक्की न्या, पण विक्रीच्या दुकानाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. तो हेअरपिनने किंवा काडीने काढू नका. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कुटुंबांना उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ पडते, बाह्यरुग्ण विभागात चौकशी करावी. सविस्तर तपासणीसाठी वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, खास वाचा आणि श्रवणाच्या कामासाठी. अली यावर जंग १९७१ ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांना श्रवणयंत्रासाठी केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना आहे, तिची माहितीही तिथे विचारावी. आणि हे कोणत्याही वयाला लागू: एका कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात उपचाराचे दिवस मोजके असतात.

यंत्र घ्यायचेच ठरले तर त्यात ‘टी’ची सोय आहे का ते विचारा. त्यात एक छोटी गुंडाळी असते जी आवाज नव्हे तर चुंबकाची थरथर पकडते. ही सोय मुळात टेलिफोनसाठीच निघाली. अनेक जुन्या रिसीव्हरच्या चुंबकाची थरथर डबीबाहेर पसरते, आणि कानातले यंत्र ती सरळ उचलते. मग खोलीतला पंखा, टीव्ही, भांडी काही ऐकू येत नाही, फक्त फोनवरचे बोलणे. दादींच्या काळ्या फोनला या बाबतीत नव्या फोनपेक्षा जास्त गुण द्यावे लागतील. खरेदीच्या आधी यंत्र लावून त्याच फोनवर बोलून बघण्याची परवानगी मागा. नाही म्हणणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

शेवटची गोष्ट डायलची, कारण दुसऱ्या दोन पत्रांत तीच विचारणा आहे. तांब्याची लाइन काढून घरात फायबरची पेटी बसवली, तेव्हापासून जुन्या फोनवर आलेले फोन घेता येतात पण नंबर फिरवला तर लागत नाही. यात बिघाड काही नाही. चकती परत येताना ती लाइन सेकंदाला दहा वेळा या वेगाने तोडते-जोडते. एकला एकदा, पाचला पाचदा, शून्याला दहादा. जुने एक्स्चेंज ते ठोके मोजायचे. नव्या बऱ्याच पेट्यांना बटणांचे सूर कळतात, ठोके कळत नाहीत. ठोक्यांचे सूर करून देणारा छोटा जोड मिळतो, पण दादींसाठी त्याची गरज नाही. नंबर लावायला पेटीवर एक बटणांचा फोन ठेवा आणि बोलणे झाले की तो नीट खाली ठेवलेला आहे ना ते बघा. घंटी बारीक वाजत असेल तर पेटीची ताकद कमी पडते आहे, एकाच पेटीवर दोन-तीन जुनी यंत्रे लावू नका.